खांबेटे माघार घेत नाहीत

अविनाश खांबेट्यांनी आयर्लंडमध्ये आल्यापासून एकूण सात माणसांना माघार घ्यायला लावली. त्यांतली तिसरी मी.

इथल्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक सचिवपदासाठी मी नाव दिलं होतं. दुसरं नाव खांबेट्यांच्या मर्जीतल्या एका गृहस्थांचं होतं. शनिवारी सकाळी बरोबर अकराला बेल वाजली. माझ्या मुलीला, ईराला, मराठी सगळं समजतं, पण तोंड उघडलं की थेट डब्लिन बाहेर पडतं. ती जिन्यावरून ओरडली, "मम्मा, योर मॅन इज हिअर." इकडे ओळखीच्या कुठल्याही पुरुषाला 'योर मॅन' म्हणतात. त्यात आदर थोडा असतो आणि कंटाळा पुष्कळ.

खांबेटे आत आले. बूट काढायला त्यांना चार मिनिटं लागत, कारण एक बूट निघाला की ते बोलायला लागत. मग सरळ स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी प्रेस उघडला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात आणि खांबेटे ते घरात शिरल्याबरोबर म्हणून दाखवत. आतून कप स्वतःच काढून घेतला, म्हणजे यजमानाला परकेपणा वाटू नये. चिवड्याचा पुडा टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे बघा, तुम्ही निवडून याल यात वादच नाही. पण निवडून काय, कुणीही येतं. माघार घ्यायला मोठं मन लागतं."

पाऊण तासानं ते गेले तेव्हा माझं नाव मागे घेतलेलं होतं आणि वर कोजागिरीला दोनशे माणसांचं मसाला दूध आटवायची जबाबदारी माझ्याकडे आली होती. मोठ्या मनाची किंमत मी त्या वर्षी पातेली घासून भरली.

आमच्या मंडळात मतदान कधी झालंच नाही. सगळ्या निवडी बिनविरोध. दुसऱ्या मंडळांत भांडणं होतात, माणसं एकमेकांच्या घरच्या बारशाला जायची थांबतात, आपल्याकडे तसं नाही, असं खांबेटे अभिमानानं सांगत. खरंच नव्हतं. आमच्याकडे लोक बारशाला येत आणि तिथे कोपऱ्यात उभं राहून खांबेट्यांबद्दल बोलत. समोर बोलायची हिंमत एकातही नव्हती. इथे येऊन आम्ही मोठमोठ्या कंपन्यांत मॅनेजरांना तोंडावर 'नो' म्हणायला शिकलो, पण चिवडा घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणणं काही जमलं नाही.

माणूस ठेंगणा, ताठ, ऋतू कुठलाही असो अंगात निळं वॉटरप्रूफ जॅकेट. गळ्यात कंपनीच्या ओळखपत्राची पट्टी रविवारीसुद्धा. शहरातल्या एका कंपनीत ते डेटाबेसचं काम करत आणि त्यात हुशार होते म्हणतात. मूळचे नाशिकचे. वयानं आमच्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, पण 'मला भाऊ म्हणा' हे त्यांनी स्वतःच सुचवलं होतं. सुचवलं म्हणजे मंडळाच्या पत्रकावर 'मा. अविनाशभाऊ' असं आधी छापलं आणि मग आम्ही म्हणायला लागलो. दर तीन वाक्यांनी 'ग्रँड' म्हणायचं आणि दर पाच वाक्यांनी 'मी स्वतःसाठी काही मागत नाही'. हे दुसरं वाक्य आलं की समजावं, मागणी आता आलीच.

त्यांची काम करायची एक पद्धत मला फार आवडायची, म्हणजे चीड यायची इतकी आवडायची. सभेचं इतिवृत्त ते सभेच्या आधीच लिहून ठेवत. कोण काय सुचवणार, कोण अनुमोदन देणार, ठराव कसा एकमतानं मंजूर होणार, सगळं टाईप करून तयार. एका वर्षी अध्यक्षांचं विमान चुकलं आणि ते सभेला आलेच नाहीत. तरी इतिवृत्तात 'अध्यक्षांच्या ओघवत्या भाषणानं सभासद भारावून गेले' हे वाक्य तसंच राहिलं. मी ते दाखवून दिलं तर खांबेटे शांतपणे म्हणाले, "आले असते तर भारावलोच असतो ना?" मी सही केली.

अशी सगळी मजा मंडळापुरती राहिली असती तर हे लिहायला मी बसलेच नसते. पण मंडळातलं यश डोक्यात शिरलं आणि खांबेट्यांना काउंटी कौन्सिलचा नगरसेवक व्हायची इच्छा झाली.

डब्लिनच्या कडेला ॲडम्सटाउनमध्ये आम्ही सगळे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहतो. सकाळी साडेसातच्या गाडीला प्लॅटफॉर्मवर निम्मी मराठी ऐकू येते. इतकी आपली माणसं इथे, मग आपला नगरसेवक का नाही, हा खांबेट्यांचा सवाल. सवालात काही चूक नव्हती. इथल्या एका पार्टीचं आमच्या भागासाठी एकच तिकीट होतं आणि ते कुणाला द्यायचं हे पार्टीचे स्थानिक मेंबर एकत्र जमून मत देऊन ठरवतात. म्हणजे निवडणुकीआधीची घरातली निवडणूक. खांबेट्यांनी मुदतीच्या आत आम्हा बावीस जणांना मेंबर करून घेतलं. फॉर्म त्यांनीच भरले, आम्ही फक्त सह्या केल्या. पार्टीचं धोरण काय, हे आमच्यातल्या एकालाही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. तेविसावे ते स्वतः.

तिकिटासाठी आधीच दोघं उभी होती. एक डेक्लन, मुलांना इथला देशी गेलिक फुटबॉल शिकवणारा, ज्याच्या आजोबांना ओळखणारी माणसं अजून गावात आहेत. दुसरी ब्लेसिंग.

ब्लेसिंगला आम्ही सगळे ओळखायचो. मूळची लागोसची, इथे येऊन वीसेक वर्षं झालेली. आम्ही शहराकडे जायचो तेव्हा ती समोरच्या प्लॅटफॉर्मवरून उलट दिशेची गाडी पकडून नासच्या इस्पितळात नर्सच्या ड्युटीवर जायची. आमच्या इस्टेटमागून, म्हणजे घरांच्या वसाहतीमागून, एक रस्ता जातो, त्याच्या पलीकडे शाळा. गाड्या तिथून सुसाट जातात आणि पायी जाणाऱ्यांसाठी सिग्नल नाही. ब्लेसिंग सुट्टीच्या दिवशी सकाळी पिवळं जॅकेट घालून त्या रस्त्याच्या मध्ये उभी राहायची आणि पोरांना हाताला धरून पलीकडे न्यायची. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. सिग्नलसाठी तिनं घरोघर फिरून सह्या गोळा केल्या होत्या. माझ्या ईरालाही ती दर वेळी 'गुड मॉर्निंग, प्रोफेसर' म्हणायची. तिला कौन्सिलवर जायचं होतं ते त्या सिग्नलसाठी. दुसरं काही ती बोलायचीच नाही, त्यामुळे तिच्याशी गप्पा मारणं जरा कंटाळवाणंच होतं.

खांबेट्यांचा हिशेब आपले चाळीस मेंबर भरायचा होता. आम्ही भरलो तेवीस. बाकीच्या ऐंशीजणांना त्यांनी एकेक फोन केला, प्रत्येकाला आयर्लंड आणि भारत दोघांनाही इंग्रजांनी कसं छळलं ते सांगितलं. सगळे हो हो म्हणाले आणि मत डेक्लनला किंवा ब्लेसिंगला द्यायचं ठरवून मोकळे झाले. सभेच्या तीन आठवडे आधीच सगळ्यांना दिसत होतं की डेक्लन आणि ब्लेसिंग अगदी बरोबरीत आहेत आणि खांबेटे पार मागे, तिसरे. पार्टीच्या लोकांनी आडून आडून सुचवलं की पुढच्या वेळी तुमचा विचार करू. खांबेटे म्हणाले, "ग्रँड." आणि दुसऱ्या दिवशी पत्रकं छापायला टाकली.

ब्लेसिंग स्वतः त्यांच्या घरी आली तेव्हा मी तिथेच होते. शुभदावहिनींचा, म्हणजे खांबेट्यांच्या बायकोचा, कुकर परत द्यायला गेले होते आणि वहिनींनी चहाला बसवून घेतलं होतं. ब्लेसिंग ड्युटीवरून सरळ आली होती, पायांत अजून इस्पितळातले पांढरे बूट. तिनं खांबेट्यांना माघार घ्या असं म्हटलंच नाही. उभं राहायचा तुमचा हक्क आहे, ती म्हणाली. फक्त एक विनंती. इथे मतपत्रिकेवर आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे लिहितात. ज्याला एक नंबर दिला तो बाद झाला की तुमचं मत दोन नंबरवाल्याकडे जातं. तुम्ही आधी बाद झालात तर तुमच्या माणसांचा दोन नंबर मला द्यायला सांगाल का? मी आधी बाद झाले तर माझ्या माणसांनी दोन नंबर तुम्हाला द्यावा असं मी त्यांना सांगून ठेवलंय, आधीच.

खांबेट्यांनी तिला चहा दिला, चिवडा दिला, दारापर्यंत पोचवायला गेले. परत आले ते खुशीत.

"दुसरा नंबर मागायला आली," ते म्हणाले. "मी शाळेत कधी दुसरा नंबर घेतला नाही आणि ही बाई घरी येऊन मागते."

मग तिचं पत्रक त्यांनी नीट घडी घालून हिरव्या बिनमध्ये टाकलं. रिसायकलिंगच्या बाबतीत ते फार काटेकोर होते.

मी घरी येऊन मिलिंदला सगळं सांगितलं. मिलिंद माझा नवरा, शांत माणूस, खांबेट्यांनी माघार घ्यायला लावलेल्या सातांमधला पाचवा. तो म्हणाला, चल, आपण जाऊन सांगू. म्हणून आम्ही दोघं पुढच्या शनिवारी सकाळी अकरा वाजता त्यांच्या दारात उभे राहिलो. मी चिवडा नाही, पण बाकरवडी नेली होती. त्यांचंच शस्त्र त्यांच्यावर चालतं का बघावं म्हटलं.

"भाऊ, तुम्ही माघार घ्या," मिलिंद म्हणाला. "निवडून काय, कुणीही येतं. मोठं मन लागतं ते माघारीला."

आपलंच वाक्य आपल्यालाच ऐकवल्यावर माणूस ओशाळतो. खांबेट्यांनी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाले, वाक्य चांगलं आहे, पण मंडळातलं आहे. हे राजकारण आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते काय उगाच, असं माझ्या मनात आलं.

मग त्यांनी फोन काढून आम्हाला एक फोटो दाखवला. नाशिकला त्यांच्या घराजवळच्या चौकात त्यांच्या थोरल्या भावानं फ्लेक्स लावला होता. खांबेटे मध्यभागी, कोटात. आजूबाजूला गल्लीतल्या चौदा शुभेच्छुकांचे चेहरे, त्यातला एक गॉगल लावलेला. खाली मोठ्या अक्षरांत: 'आयर्लंड देशाच्या नगरसेवकपदी निवड झाल्याबद्दल मा. अविनाशभाऊ खांबेटे यांचे हार्दिक अभिनंदन'. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. निवडणूक लांबच, अजून तिकीटही नव्हतं. मला हसू आवरेना, मी बाकरवडी तोंडात कोंबली.

"हसू नका," खांबेटे म्हणाले. "आमचे वडील, आप्पा, रोज सकाळी रिक्षा करून तो बघायला जातात. शहाऐंशी वर्षांचे आहेत. रिक्षावाल्याला थांबवून ठेवतात आणि पाच मिनिटं बघतात. त्यांना फोन करून काय सांगू, उतरवा म्हणून?"

तेवढ्यापुरतं मला वाईट वाटलं, ते खरं आहे. म्हातारा रिक्षात बसून मान वर करून बघतोय, हे डोळ्यांपुढे आलं. पण लगेच मनात आलं, हा फ्लेक्स टिकावा म्हणून आमच्या रस्त्यावर पोरांनी जीव मुठीत धरून शाळेत जायचं की काय? मग माझा सूर चढला. मी म्हटलं, माघार राहू द्या भाऊ. उभे राहा, भाषण करा, पडा. फक्त आपल्या लोकांना सांगा, एक तुम्हाला द्या आणि दोन ब्लेसिंगला. त्यात तुमचं काय जातं?

"आपलं मत फोडायचं?" ते म्हणाले.

मत फुटत नाही, मी सांगितलं. तीन कप घेतले, बाकरवड्यांचे तीन ढीग केले. एक ढीग बाद झाला की त्यातल्या बाकरवड्या दुसऱ्या कपापाशी कशा जातात ते दाखवलं. तुम्ही शर्यतीत असेपर्यंत दुसऱ्या आकड्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, हे चार वेळा सांगितलं. इतक्या वर्षांचा डेटाबेसवाला माणूस, पण डोक्यात भारतातलं पक्कं बसलेलं, एक शिक्का, एक चिन्ह, दुसरीकडे शाई लागली की मत बाद. त्यांचं म्हणणं, दुसऱ्याला काही दिलं की पहिल्याचं वजन कमी होणारच. निसर्गाचा नियम आहे.

"तुम्ही नोकरीला सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये," ते शेवटी समजुतीनं म्हणाले. "तुम्हाला सगळीकडे फॉल्टच दिसणार."

पालथ्या घड्यावर पाणी. बाकरवडी मात्र सगळी संपली.

सभेच्या आदल्या दिवशी ग्रुपवर त्यांचा निरोप आला: 'फक्त १. बाकी सगळं कोरं. दुसरा आकडा लिहिणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. एकी दाखवा.' खाली एकामागून एक जोडलेल्या हातांची चित्रं. बावीस. मीही टाकलं. न टाकावं तर ती जागा उठून दिसली असती.

सभा रविवारी दुपारी होती, मोटारवेजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. चहाचे मोठे स्टीलचे पिंप, हॅमचे सँडविच, अंड्याचे सँडविच आणि आमच्यातल्या शाकाहाऱ्यांसाठी क्रिस्प्सची, म्हणजे वेफर्सची, पाकिटं. शुभदावहिनींनी रव्याचे लाडू टिशूत गुंडाळून आणले होते आणि त्या ते सगळ्यांना देत होत्या, डेक्लनच्या आईलासुद्धा. भाषणाला पाच मिनिटं होती. डेक्लननं दोन घेतली, सगळ्यांचे आभार मानले. ब्लेसिंगनं तीन घेतली आणि तीनही रस्त्यावर घालवली. खांबेट्यांनी अकरा घेतली. दोन प्राचीन संस्कृती, दोन शोषित देश, आणि मी स्वतःसाठी काही मागत नाही. घंटा दोनदा वाजली. आम्ही तेवीस, म्हणजे ते सोडून बावीस, उभे राहून टाळ्या वाजवल्या. बाकीचे लोक मागे वळून आमच्याकडे बघत होते.

मत द्यायला पडदे वगैरे नव्हते. भिंतीला लावलेली लांब टेबलं, त्यावर पेन्सिली. आपापला कागद हातानं झाकून लिहायचा.

माझ्या शेजारी शुभदावहिनी येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्याबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ईरा झाली तेव्हा माझ्या आईचा व्हिसा वेळेवर आला नाही. त्या दिवसांत चाळीस दिवस रोज सकाळी शुभदावहिनी डबा घेऊन यायच्या, डिंकाचे लाडू, लसणाची चटणी, खीर. मला न्हाऊ घालायच्या. एका शब्दानं कधी त्याचा उल्लेख केला नाही. त्या दिवशीही त्यांनी माझ्या कागदाकडे बघितलं नाही. फक्त शेजारी उभ्या होत्या आणि त्यांच्या हाताला लाडवांच्या तुपाचा वास येत होता.

मी खांबेट्यांच्या नावापुढे एक लिहिला. पेन्सिल ब्लेसिंगच्या नावापर्यंत नेली. मला सगळं ठाऊक होतं. तीन कप आणि बाकरवड्या मांडून मीच समजावलं होतं. तरीही मी कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकला. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. फक्त भीड माझी होती आणि भीक दुसऱ्याच्या पदरात पडली.

मोजणी आमच्यासमोरच झाली. डेक्लन एक्केचाळीस, ब्लेसिंग अडतीस, खांबेटे तेवीस. खांबेटे बाद. आता त्यांच्या गठ्ठ्यातल्या कागदांवरचे दुसरे आकडे बघायचे. मोजणाऱ्या बाई एकेक कागद उलगडून बाजूला ठेवायला लागल्या. दहाव्या-अकराव्या कागदाला त्यांनी चष्मा काढून पुसला. तेविसावा झाल्यावर शेजारच्या माणसाला बोलावून सगळे पुन्हा मोजायला लावले. मग त्यांनी जाहीर केलं की तेवीसपैकी एकाही कागदावर दुसरा आकडा नाही. हॉलमध्ये कुणीतरी हलकी शीळ घातली.

ब्लेसिंगला जिंकायला चार मतं हवी होती. चार.

ती आमच्याकडे आली. मला वाटलं होतं, काही बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं आमच्यातल्या प्रत्येकाचा हात हातात घेतला आणि रविवारची सुट्टी मोडून आल्याबद्दल आभार मानले. ईरा कशी आहे, हेही विचारलं. मग तिनं मागच्या खुर्चीवरचा कोट उचलला आणि गाडी पकडायला निघून गेली, कारण तिची पुढची ड्युटी होती.

संध्याकाळी ग्रुपवर खांबेट्यांचा निरोप आला: 'हा आपला नैतिक विजय आहे. तेवीसच्या तेवीस मतं शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिली. इतकी एकी आजवर कुणी दाखवली नव्हती.' हा निरोप वाचून मी फोन सोफ्यावर फेकला. माणूस मूर्ख असावा, पण मूर्खपणाचा सत्कार स्वतःच करून घेणारा नसावा. पुन्हा जोडलेले हात आले. मी टाकले नाहीत आणि तेवढ्यावर स्वतःला शूर समजले.

डेक्लन चांगला मुलगा आहे, वाईट नाही. पण त्याच्या पत्रकात फुटबॉलचं मैदान होतं, रस्ता नव्हता. ब्लेसिंगनं पार्टीच्या बैठकांना जाणं हळूहळू सोडलं. सुट्टीच्या दिवशी ती पिवळं जॅकेट घालून उभी मात्र राहतेच.

खांबेटे त्यानंतर गप्प झाले, म्हणजे त्यांच्या मानानं. शनिवारी कुणाच्या घरी गेले नाहीत. मंडळाच्या सभेला इतिवृत्त दुसऱ्याच कुणी लिहिलं आणि त्यात चुका होत्या. नोकरी बदलून एनिसला जायचं त्यांचं ठरलं होतं, शॅननजवळच्या कुठल्याशा कंपनीत. जायच्या आधी मला ते एकदाच भेटले, कौन्सिलच्या मतदानाच्या दिवशी.

इथे राहणाऱ्या कुणालाही कौन्सिलसाठी मत देता येतं. शाळेच्या हॉलमध्ये केंद्र होतं आणि बाहेर पाच-सहा माणसांची रांग. मी रांगेत होते आणि खांबेटे आतून बाहेर आले. मला पाहून थांबले. पूर्वी ते आधी हवामानाबद्दल बोलले असते, मग मिलिंदबद्दल, मग त्यांनी काहीतरी मागितलं असतं.

"सगळे आकडे लिहिले," ते म्हणाले. "एक ते सोळा. वेळ लागला."

मी मान हलवली.

"कागदावर फोटो असतात सगळ्यांचे. तिचा शोधला. नाही हे माहीत होतं, तरी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितलं. ती असती तर एक नंबर तिलाच दिला असता."

"ती असती, भाऊ," मी म्हणाले. इतके महिने घोकून ठेवल्यासारखं ते बाहेर पडलं, आणि जितकं लागावं असं मला वाटत होतं तितकं त्यांना लागलं. चेहरा एकदम म्हातारा झाला.

"हो," ते म्हणाले. "नंतर घरी एक्सेलमध्ये मांडून बघितलं. चारच हवी होती. तुम्ही सांगत होतात ते बरोबर होतं. मला खरंच कळत नव्हतं."

माझ्यापुढचा माणूस आत गेला. खांबेटे तिथून हलले नाहीत. आवाज जराही न चढवता, कुणाची समजूत घालताना बोलत तसेच ते बोलले.

"पण तेवीसच्या तेवीस कोरे होते. त्यात तुमचाही असणार. तुम्हाला तर कळत होतं."

एवढं बोलून ते मी काय म्हणते याची वाट बघत उभे राहिले. दारातल्या माणसानं मला हात केला. मी त्यांच्याकडे पाठ केली आणि आत गेले.